उसाच्या मुळाशी राबणारे

कोल्हापूरच्या शेतीचा इतिहास आपण बहुधा पाण्याचा इतिहास म्हणून सांगतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची गूळपेठ वसवली, पुढे भोगावतीवर राधानगरीचे धरण हाती घेतले. ते १९५७ मध्ये पूर्ण झाले. नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले, मागोमाग साखर कारखाने उभे राहिले. हे सारे खरे आणि अभिमानाचेच आहे. पण या इतिहासात मातीतले जिवाणू आणि बुरशी यांची नोंद राहून गेली, असे मला नेहमी वाटते. उसाला खत आपण दिले. त्यातले बरेचसे मुळांना घेता येईल अशा रूपात आणून दिले ते या न दिसणाऱ्या जिवांनी.

योगायोग असा, की शाहूपुरी वसण्याच्या आधीच्या दहा वर्षांतच युरोपात या जिवांची ओळख पटत होती. १८८५ मध्ये जर्मनीतील अल्बर्ट फ्रँक यांनी मुळे आणि बुरशी यांच्या सहजीवनाला ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. या बुरशीचे तंतू मुळांपेक्षा कितीतरी बारीक असतात. मूळ जिथे शिरू शकत नाही अशा फटींतून ते स्फुरद आणि पाणी आणतात आणि मोबदल्यात झाडाने पानांत तयार केलेली साखर घेतात. जमिनीवरच्या बहुसंख्य वनस्पतींचा हा व्यवहार आहे. राधानगरीच्या जंगलातला वृक्षही त्यावर वाढतो आणि शेतातला ऊसही.

१८८८ मध्ये हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी कडधान्यांच्या मुळांवरील गाठींचे कोडे उलगडले. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. त्याच वर्षी हॉलंडच्या बायेरिंक यांनी हे जिवाणू वेगळे काढून वाढवून दाखवले. आपल्या शेतकऱ्याला यांतली नावे ठाऊक नव्हती, पण हरभऱ्याचा किंवा भुईमुगाचा बेवड पुढच्या पिकाला चांगला, हे तो पिढ्यान् पिढ्या जाणून होता.

उसाच्या मुळांना अशा गाठी नसतात. मात्र उसाच्या आतच राहून नत्र स्थिर करणारा ॲसिटोबॅक्टर हा जिवाणू ब्राझीलमध्ये सापडला आणि १९८८ मध्ये काव्हाल्कांते व डोबेरायनर यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. आज त्याचे कल्चर आपल्याकडच्या ऊस उत्पादकांच्याही परिचयाचे आहे.

विज्ञान असे पुढे जात असताना शेतात काय घडले? रासायनिक खते आली, उत्पादन वाढले, आणि माती म्हणजे जणू खत-पाणी ओतायचे भांडे अशी समजूत झाली. उसामागून ऊस आला, बेवड गेला. शिरोळ तालुक्यात अतिपाण्याने आणि निचऱ्याअभावी चांगल्या काळ्या जमिनी क्षारपड झाल्या. तोडणी झाली की पाचटाला काडी लावायची, हा रिवाजच पडला. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. ते जाळतो तेव्हा त्यातला सेंद्रिय कर्ब आणि बहुतेक नत्र धुरावाटे जातो. मातीतल्या जिवांच्या ताटातले अन्नच आपण पेटवून देतो.

हे उलटे चक्र कोल्हापुरातच काही जणांनी ओळखले. श्रीपाद अच्युत दाभोलकर हे मूळचे गणिताचे प्राध्यापक; गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी शिकवले. ‘प्रयोग परिवार’ उभारून त्यांनी साध्या शेतकऱ्यांना प्रयोगशील केले. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना त्याचा मोठा आधार मिळाला. पालापाचोळा शेण, गोमूत्र आणि गुळाच्या पाण्यात भिजवून त्यातून ‘अमृतमाती’ करायची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. त्यात गूळ कशाला? तर जिवाणूंना झटपट मिळणारा खाऊ म्हणून. १९८५ चा जमनालाल बजाज पुरस्कार त्यांना मिळाला.

कोल्हापूरचेच शेतकरी-लेखक प्रताप चिपळूणकर यांनी भूसूक्ष्मजीवशास्त्राचा आधार घेऊन नांगरणीशिवाय ऊसशेती मांडली. आधीच्या पिकाची खोडकी आणि मुळे उपटून न टाकता जागीच कुजू द्यावीत, हा त्यांचा आग्रह. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. दर नांगरटीला बुरशीच्या तंतूंचे जाळे तुटते आणि उघडी पडलेली माती आपला कर्ब झपाट्याने गमावते.

याचा अर्थ खताचे पोते टाकून द्यावे असा मी घेत नाही. पाचट कुजताना जिवाणू स्वतःच मातीतला नत्र उचलतात. म्हणून टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारे जिवाणू वापरण्याची शिफारस आहे. रसायन आणि जीव यांचे इथे वैर नाही. उलट, नुसती कल्चरची बाटली ओतूनही भागत नाही. पाहुण्याला बोलावले आणि घरात शिजवायला काही नाही, अशी ती गत होते.

धरण बांधायला अर्धशतक लागले, पण ते बांधता आले. मातीतला कर्ब मात्र कुठल्याही निधीतून एका हंगामात परत आणता येत नाही. तो वर्षानुवर्षे साठवावा लागतो. शाहू महाराजांच्या पिढीने आपल्याला पाणी मिळवून दिले. त्या पाण्यावर उद्याही ऊस उभा राहायचा, तर येत्या तोडणीनंतर पाचटाला लावायची काडी खिशातच राहिली पाहिजे.