ऑबर्नचे मौन

आम्हां सरकारी कारकुनांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. ज्या खात्याचा जमाखर्च जुळतो, त्याला फारसे प्रश्न विचारले जात नाहीत. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या ऑबर्न तुरुंगाची हकीकत वाचताना हा अनुभव वारंवार आठवला.

या तुरुंगाचे बांधकाम १८१६ साली सुरू झाले. एकांतात गुन्हेगाराला पश्चात्ताप होतो, अशी त्या काळच्या सुधारकांची श्रद्धा होती. तदनुसार १८२१ च्या नाताळात सुमारे ८० कैदी काहीही काम न देता एकएकटे कोंडण्यात आले. कोठडी सात फूट लांब व साडेतीन फूट रुंद. दिवसा आडवे होण्यास मनाई. वर्षभरात पाच जण दगावले, एकाला वेड लागले, आणि एकाने दार उघडताच वरच्या मजल्यावरून खाली उडी घेतली. अखेर गव्हर्नराने २६ जणांना माफी दिली व प्रयोग गुंडाळला गेला.

त्यानंतर अधीक्षक एलम लिंड्स याच्या अमलात जी व्यवस्था रूढ झाली, तीच पुढे 'ऑबर्न पद्धती' म्हणून गाजली. रात्री एकेकाची कोठडी; दिवसा कारखान्यात एकत्र काम, पण तोंडातून शब्द निघता कामा नये, शेजाऱ्याकडे नजरही जाता कामा नये. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घातलेले कैदी पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, माना एका बाजूला वळवून, एका पावलाने चालत. नियम मोडला की जागच्या जागी चाबूक. चौकशी नाही, अपील नाही. कारखान्यांच्या भिंतीमागे बोळ होते आणि त्यांतील फटींतून पहारेकरी न दिसता पाहत असे.

बोलण्याने दुर्गुणांचा संसर्ग होतो, हे या मौनाचे सांगितलेले कारण. मला मात्र ठेकेदार अधिक महत्त्वाचा वाटतो. तो कच्चा माल पुरवी, दर डोई रोजाप्रमाणे सरकारला पैसे देई, आणि जोडे, पिंपे, कापड बाहेर नेऊन विकी. कैद्याच्या हाती एक सेंटही पडत नसे. १८३० च्या सुमारास तुरुंग आपला खर्च स्वतः भागवू लागला आणि चाबकाविषयीची कुरकुर मंदावली. फिलाडेल्फियाची पूर्ण एकांताची पद्धती महाग पडे. म्हणून बहुतेक राज्यांनी ऑबर्नचा कित्ता गिरविला.

१८२५ मध्ये लिंड्सने ऑबर्नचेच शंभर कैदी हडसन नदीकाठी नेले आणि तट नसलेल्या उघड्या माळावर त्यांच्याकडूनच सिंग सिंगचा तुरुंग बांधून घेतला. १८३१ साली तोकव्हिल व बोमाँ हे दोघे फ्रेंच पाहुणे तेथे गेले, तेव्हा खाणीत सुमारे ९०० कैदी मोकळ्या हातांनी दगड फोडीत होते. पहारेकरी अवघे तीस. जे परस्परांशी बोलू शकत नाहीत ते कट तरी कसा करणार, हे त्यांनी अचूक हेरले.

मराठी वाचकाला येथे अंदमानचा कोलू आठवेल. तेल तेथेही मोजून घेतले जाई. पण ऑबर्नच्या वहीत मोजणारा ठेकेदार होता.

बाहेरच्या कारागिरांनी या स्वस्त स्पर्धेविरुद्ध दीर्घकाळ ओरड केली, तेव्हा कोठे १८९४ च्या राज्यघटनेने खाजगी ठेके बंद केले. मौन मात्र उरलेच. १९१३ साली ऑबर्नचाच माजी महापौर थॉमस मॉट ऑसबर्न 'टॉम ब्राउन' हे नाव घेऊन एक आठवडा कैद्यांत राहिला, टोपल्या विणल्या, शेवटी मुद्दाम काम नाकारून एक रात्र अंधारकोठडीतही काढली. १९१४ साली त्याच्या प्रेरणेने कैद्यांनी आपले प्रतिनिधी निवडले, आणि त्याच वर्षी तेथील माणसे मोकळ्या अंगणात एकमेकांशी बोलू लागली.