टिळकांवरील तीन खटले आणि न्यायासनाची नीती

न्यायाधीशाच्या नीतीचा विचार बहुधा लाच, आप्तसंबंध किंवा राजसत्तेचे दडपण यांच्या अनुषंगाने केला जातो. परंतु शब्दाचा अर्थ निश्चित करणे आणि निर्णयाची कारणे सांगणे, हीही न्यायासनाची कर्तव्ये होत. लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यांत त्यांची कसोटी लागली.

इ. स. १८९७ च्या खटल्यात बॅरिस्टर दिनशा दावर यांनी टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला व न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी ४ ऑगस्ट रोजी जामीन मंजूर केला. पुढे न्या. स्ट्रेची यांनी ज्यूरीस मार्गदर्शन करताना 'अप्रीती' म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असा अर्थ सांगितला. भाषेच्या दृष्टीने हा अर्थ टिकणारा नव्हे. ज्याविषयी प्रेम नाही त्याविषयी वैर असतेच असे नाही. मनाची उदासीन अवस्थाही संभवते. सहा विरुद्ध तीन अशा मताने टिळक दोषी ठरले व त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. इ. स. १८९८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अप्रीतीत राजनिष्ठेचा अभाव व वैरभावना यांचा समावेश होतो, असे स्पष्टीकरण घालण्यात आले.

इ. स. १९०८ मध्ये तेच दावर न्यायाधीश म्हणून टिळकांसमोर आले. बॅरिस्टर जिना यांनी मागितलेला जामीन त्यांनी नाकारला. या प्रसंगी दावरांवर दुटप्पीपणाचा आरोप केला जातो. तो मात्र सावधपणे तपासला पाहिजे. वकील अशिलाची बाजू मांडतो, ते त्याचे स्वतःचे मत असतेच असे नाही. आणि न्यायाधीश झाल्यावर पूर्वीच्या युक्तिवादाने तो बांधला जात नाही. वकिली धर्माचे हे मूलतत्त्वच आहे. खरा आक्षेप निराळा आहे. जामीन नाकारताना त्याची कारणे देणे इष्ट नव्हे, अशी भूमिका दावरांनी घेतली. ज्या निर्णयास कारणे जोडलेली नसतात, त्याची पारख करण्यास कोणतेही साधन उरत नाही. मग लोक हेतूविषयी तर्क करू लागले तर नवल नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा. विशेष ज्यूरीत युरोपीयांचे बहुमत राहील व त्यांना मराठी कळणार नाही, ही बचावपक्षाची हरकत अमान्य झाली. सात युरोपीय व दोन पारशी ज्यूरर 'केसरी'तील लेखांचा निवाडा भाषांतरावरून करण्यास बसले. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेऊन भाषांतर सदोष असल्याचे प्रतिपादिले. अखेर २२ जुलै रोजी सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा व एक हजार रुपये दंड झाला.

इ. स. १९१६ मध्ये बेळगाव व अहमदनगर येथील मराठी भाषणांबद्दल पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीची हमी मागितली. न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी तो हुकूम ९ नोव्हेंबर रोजी रद्द केला. एखादे सुटे वाक्य न घेता संपूर्ण भाषणाचा स्वाभाविक परिणाम पाहावा, ही त्यांची दृष्टी होती. कायदा तोच, आरोपीही तोच. पालटली ती वाचण्याची रीत. समग्र वाचन आणि सकारण निर्णय हाच न्यायासनाच्या सचोटीचा बाहेरून दिसणारा पुरावा होय, हे या तीन खटल्यांवरून प्रत्ययास येते.