हिमालयाचा बर्फ आणि जुन्नरचा पाऊस

पुण्यात शिवाजीनगरला उतरलेला प्रवासी रिक्षावाल्याला ‘सिमला ऑफिस’ एवढेच सांगतो, आणि रिक्षावाला त्याला बिनचूक नेऊन पोचवतो. पुण्यात सिमला कोठून आले, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. हवामान खात्याची मुख्य कचेरी १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आली आणि लोकांनी तिचे जुने गाव तिच्या नावाला चिकटवून दिले, एवढीच ती गोष्ट. परंतु हिमालयाचा बर्फ आणि आपल्या घाटमाथ्याचा पाऊस यांचे नाते या नावाहून जुने आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आज जे चालले आहे, ते समजून घ्यायचे तर आरंभ तेथूनच केलेला बरा.

१८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाली. हवामान खाते त्याच्या आदल्याच वर्षी, १८७५ साली, स्थापन झाले होते आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख होते. पाऊस येणार की नाही हे आधी सांगता येईल काय, हा सरकारचा प्रश्न. ब्लॅनफर्ड यांनी उत्तर हिमालयात शोधले. हिमालयावर बर्फ अधिक पडला आणि उशिरापर्यंत टिकला, तर जमीन पुरेशी तापत नाही व मोसमी वारे दुबळे पडतात, असा विचार त्यांनी १८८४ साली मांडला. १८८६ पासून त्या आधारावर अंदाज रीतसर प्रसिद्ध होऊ लागले. पुढे त्यांचे वारस जॉन एलियट यांनी १८९९ साली चांगल्या पावसाचे भाकीत केले आणि नेमका त्याच वर्षी देशात भीषण दुष्काळ पडला. (ज्योतिषी मंडळींनी यावरून थोडे समाधान मानण्यास हरकत नाही.) त्यांच्या मागून आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी हे धागेदोरे थेट पॅसिफिक महासागरापर्यंत नेऊन भिडवले. ब्लॅनफर्ड यांचे सूत्र अपुरे ठरले खरे, पण बर्फ, समुद्र आणि पाऊस ही एकाच कुटुंबातली माणसे आहेत, हा त्यांचा मुद्दा काही खोटा ठरला नाही.

आता आपल्या डोंगरांकडे वळू. गंगेला उन्हाळ्यात बर्फाच्या वितळण्याचा आधार असतो. कुकडी, मीना, पुष्पावती, घोड या आपल्या नद्यांना तो नाही. त्यांच्या वाट्याला पावसाळ्याचे चार महिने येतात, आणि तेही सर्वांना सारखे नव्हेत. भीमाशंकर-आहुप्याच्या बाजूला वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस. तेथून काही कोस पूर्वेला नारायणगाव-मंचरकडे यावे, तर त्याच्या चौथाईवर समाधान मानावे लागते. हिमालयाची कणगी बर्फाची आहे. सह्याद्रीला आपली कणगी मातीत, मुळांत आणि कातळात भरून ठेवावी लागली.

कातळातली कणगी माणसाने केली. नाणेघाटातला नागनिका राणीचा लेख सर्वांना ठाऊक असतो, जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही प्रत्येक जण पाहतो. पण तेथल्याच कोरीव पाण्याच्या टाक्यांपाशी थांबणारे थोडे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत लेणी कोरली गेली, तेव्हा त्यांच्यासोबत टाकीही कोरली गेली. त्या काळच्या लेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. इरिल नावाच्या एका यवनाने अशा दोन पोढी दान दिल्याचा लेख जुन्नरला आहे. समुद्रापलीकडची ओळख मिरवणाऱ्या या माणसाला येथे पाण्याचे टाके हे पुण्यकर्म का वाटावे? माझ्या मते त्याने येथला एखादा चैत्र-वैशाख काढला असला पाहिजे. आषाढात आभाळ फाटते आणि वैशाखात घोटभर पाण्यासाठी डोंगर धुंडाळावा लागतो, हे एकदा पाहिले की दुसरे कारण शोधावे लागत नाही.

मातीतली कणगी राखली ती देवरायांनी. देवाच्या नावाने राखलेल्या या रानांत कुऱ्हाड चालत नसे. पालापाचोळा कुजून माती जाड होई आणि पाणी हळूहळू झिरपत राही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा कोठे आपल्या शहाण्यासुरत्या लोकांना त्यांचे मोल कळू लागले. आहुप्याची देवराई आंबेगाव तालुक्यातलीच. महादेव कोळ्यांना ते मोल सांगावे लागले नव्हते.

ही व्यवस्था पावसाच्या जुन्या चालीवर बेतलेली होती. ती चालच आता बिघडली आहे. तिकडे हिमालयात बर्फाची कणगी रिती होत आहे: हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झिजल्या, असे काठमांडूच्या ‘इसिमोड’ संस्थेने २०२३ साली सांगितले. इकडे पुण्यातल्याच पाषाणच्या हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात मोठ्या मुलखावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले. एकूण पाऊस मात्र वाढला नाही. अरबी समुद्र तापला आहे आणि तो मधूनमधून वाफेचे लोट जमिनीवर फेकतो. म्हणजे तीच उष्णता तिकडे बर्फ वितळवते आणि इकडे महिन्याचा पाऊस दोन दिवसांत ओतते.

३० जुलै २०१४ च्या पहाटे आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर आला. आदल्या दिवशी त्या भागात १०८ मिलिमीटर पाऊस झाला होता. सकाळी एसटीचा चालक नेहमीच्या फेरीवर आला, तो गाव जागेवर नव्हते. बाहेरच्या जगाला बातमी कळली ती त्याच्याकडून. चाळीसेक घरे गाडली गेली आणि १५१ माणसे गेली. दोष कोणाला द्यावा, यावर पुढे पुष्कळ बोलले गेले. उतारावर यंत्रे लावून केलेली भातखाचरे, तुटलेली झाडे, कातळावरचा पाण्याने फुगलेला मुरूम, अशी कारणे पुढे आली. एकट्या पावसावर किंवा एकट्या खाचरांवर खापर फोडणे मला पटत नाही. बापजाद्यांनी हाताने पडकई करून खाचरे काढलीच होती. पण तेव्हा वरचे रान शाबूत होते आणि पाऊस दमाने पडत होता. २०२१ साली महाडजवळ तळिये आणि २०२३ साली खालापूरजवळ इर्शाळवाडी याच वाटेने गेली. माळीणकरांची नवी घरे आमडे येथे बांधली आणि २०१७ च्या एप्रिलात ती त्यांच्या ताब्यात आली.

डोंगराचे दुसरे दुखणे इतके दिसत नाही. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात उन्हाळ्यात हाती पैसा येतो तो हिरड्याचा. कोवळा बाळहिरडा झोडायचा, वाळवायचा, विकायचा. पावसाळ्याचे मीठमिरची आणि बियाणे त्यातून. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर चढले आणि घाट ओलांडून या रानात शिरले. समुद्रातले वादळ सह्याद्री चढून आपल्या झाडांपर्यंत येईल, हे तेथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही हिशेबात नव्हते. फळ तर गेलेच, पण पिढ्यान्पिढ्या झोडलेले जुने हिरडेही मुळासकट आडवे झाले. लोकांनी भरपाई मागितली. पण पंचनाम्याच्या कागदावर रानातल्या झाडाला पीक म्हणावे की काय म्हणावे, येथपासून घोळ. तोवर पाऊस लागला. खाचरांत आवणी सुरू झाली, आणि नवा हिरडा लावला तरी त्याला फळ धरायला कित्येक वर्षे लागतात.