शाळेची बस: मोफत कुणाला, सवलत कुणाला आणि खासगी बसचं भाडं कोण ठरवतं?

जून उजाडला की वह्या-पुस्तकांबरोबर आणखी एक खर्च पालकांसमोर उभा राहतो, तो म्हणजे शाळेच्या प्रवासाचा. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी महाराष्ट्रात नियम काय आहेत, ते समजून घेऊ.

शाळा घरापासून किती लांब असावी?

शिक्षण हक्क कायद्याच्या राज्यातील नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी घरापासून १ किलोमीटरच्या आत शाळा हवी. सहावी ते आठवीसाठी ही मर्यादा ३ किलोमीटर आहे. लहान वस्तीत मुलं कमी असल्यामुळे शाळा नसेल, तर मुलांना शाळेत पोहोचवण्याची सोय करणं ही सरकारची जबाबदारी आहे.

मग पैसे मिळतात का?

हो. समग्र शिक्षा योजनेत अशा मुलांसाठी वाहतूक भत्त्याची तरतूद आहे. त्याची मर्यादा प्रति विद्यार्थी वर्षाला ६,००० रुपये आहे. मात्र १ किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असताना तुम्ही स्वतःच्या पसंतीने लांबची शाळा निवडली, तर हा भत्ता मिळत नाही.

दिव्यांग मुलांचा हक्क वेगळा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्यांच्यासाठी वाहतुकीची सोय करण्याची तरतूद आहे. ज्यांना जास्त आधाराची गरज आहे, त्यांच्या मदतनीसाचाही त्यात समावेश आहे.

एसटीने जात असेल तर?

विद्यार्थ्यांना एसटीच्या मासिक पासवर ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे साधारण एक तृतीयांश रक्कमच भरावी लागते. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना पास पूर्ण मोफत आहे, पण तो पाचवी ते बारावीसाठी. त्यामुळे तिसरीतल्या मुलीला सवलतीचा पास काढावा लागतो आणि पाचवीत गेल्यावर तोच प्रवास फुकट होतो.

खासगी शाळेच्या बसचं भाडं कोण ठरवतं?

खासगी स्कूल बससाठी सरकारने राज्यभर एकच दर ठरवलेला नाही. पण २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालकांचा प्रतिनिधीही त्यात असतो. बसभाडं, थांबे आणि मुलांची सुरक्षितता हे विषय याच समितीकडे येतात.

म्हणून भाडं वाढल्याचा मेसेज आला, तर आधी विचारा: हा निर्णय समितीच्या बैठकीत झाला का? पैसे १० महिन्यांचे घेणार की १२? मे महिन्याच्या सुट्टीचे धरले आहेत का? उत्तरं लेखी घ्या. बसमध्ये वेग नियंत्रक, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी आणि मदतनीस आहे का, हेही बघा.

हा विषय आत्ता का महत्त्वाचा?

कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्यासाठी राज्य सरकारने २०२३ मध्ये जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले होते. वस्तीवरची शाळा दूर गेली आणि गाडी मिळाली नाही, तर सहा-सात वर्षांच्या मुलाचं शिक्षणच थांबू शकतं. अशा वेळी बसची सोय ही मुलाच्या शाळेत जाण्याच्या हक्काचाच भाग ठरते.

सोय मिळत नसेल तर काय कराल?

१. घर ते शाळा हे अंतर मोजा आणि मुख्याध्यापकांकडे लेखी मागणी द्या.
२. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करा.
३. तरीही काही झालं नाही, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद किंवा महापालिकेकडे, लेखी तक्रार करा. तिच्यावर ३ महिन्यांत निर्णय देणं बंधनकारक आहे. निर्णय पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

प्रत्येक अर्जाची पोच मात्र जपून ठेवा.