नॅटविना ब्रॉडबँड : न्यूझीलंडमधील घरगुती जोडणीवर सार्वजनिक आयपी पत्ते कसे वापरावेत

न्यूझीलंड सरकारच्या अल्ट्रा-फास्ट ब्रॉडबँड योजनेचे काम २०२२ च्या अखेरीस पूर्ण झाले आणि देशातील सुमारे ८७ टक्के लोकसंख्येपर्यंत फायबर पोहोचले. वेग वाढला, तरी बहुसंख्य घरांतील संगणकांना इंटरनेटवर आयपीव्ही४ चा स्वतःचा पत्ता नाही. त्यांच्या वतीने राउटर एकाच पत्त्यावरून व्यवहार करतो. या मध्यस्थीला नॅट, म्हणजेच पत्तारूपांतर, असे म्हणतात. घरी सर्व्हर चालवणाऱ्या किंवा कार्यालयाशी थेट सुरक्षित मार्ग जोडू पाहणाऱ्या व्यावसायिकाला ती अडसर ठरते. ती हटवणे फारसे कठीण नाही. मात्र तिच्याबरोबर नकळत लाभलेले संरक्षणही जाते. ते आधी उभारणे, हा या कामाचा गाभा आहे.

नॅट कशासाठी आले?

१९८१ मध्ये निश्चित झालेल्या आयपीव्ही४ प्रणालीत पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. ते अपुरे पडणार हे ओळखून १९९४ मध्ये नॅटची पद्धत मांडली गेली. एखाद्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे असावीत, सर्वांची पत्रे वाड्याच्या एकाच पत्त्यावरून जावीत आणि कोणते उत्तर कोणाचे, हे देवडीवरच्या माणसाने लक्षात ठेवावे, तसे हे काम चालते. ज्याने आधी पत्र पाठवलेले नाही, त्याच्या नावे बाहेरून काही आले तर ते दारातूनच परत जाते.

फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातील मोकळे पत्ते संपले. भारत आणि न्यूझीलंड या दोन्ही देशांना पत्ते पुरवणाऱ्या एपनिक या संस्थेने त्याच वर्षी एप्रिलपासून शेवटच्या साठ्यातील पत्ते मोजूनमापून देण्यास सुरुवात केली. परिणामी अनेक सेवा कंपन्या स्वतःच्या जाळ्यातही ग्राहकांसाठी नॅट वापरतात. त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या इंटरनेट बाजूचा पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या टप्प्यात दिसत असेल, तर ग्राहक सीजीनॅटच्या मागे आहे असे समजावे. अशा वेळी घरच्या राउटरमध्ये कोणताही बदल केला तरी उपयोग होत नाही. आधी कंपनीकडून सार्वजनिक पत्ता मागावा लागतो.

कंपनीकडे काय मागावे?

एका स्थिर पत्त्याने नॅट टळत नाही, कारण तो राउटरलाच लागतो. मागणी करायची ती पत्त्यांच्या गटाची, आणि तो गट ग्राहकाच्या राउटरकडे ‘रूट’ करून मिळावा असे स्पष्ट सांगावे. सर्वसाधारणपणे /२९ आकाराचा गट लहान कामास पुरतो. नमुन्यादाखल राखीव असलेल्या टप्प्यातील २०३.०.११३.८/२९ हा गट घेतला, तर त्यात आठ पत्ते येतात. पहिला (८) जाळ्याचा, शेवटचा (१५) प्रसारणाचा. मधल्या सहांपैकी ९ हा राउटरच्या आतल्या बाजूला दिला की १० ते १४ हे पाच पत्ते यंत्रांसाठी उरतात. मेल सर्व्हर चालवायचा असल्यास उलट डीएनएस नोंद आणि पोर्ट २५ ची मोकळीक यांचीही विचारणा करावी.

मांडणी

एडीएसएलच्या काळात न्यूझीलंडमध्ये पीपीपीओए पद्धत रूढ होती. त्यामुळे मोडेमचा निव्वळ पूल करणे अवघड जाई आणि ‘हाफ ब्रिज’चा आडमार्ग घ्यावा लागे. फायबरवर ही अडचण उरलेली नाही. भिंतीवरची ओएनटी पेटी सर्वसाधारण जोडणीत पत्त्यांना हात लावत नाही, त्यामुळे स्वतःचा राउटर थेट तिला जोडता येतो. अनेक जोडण्यांवर व्हीलॅन १० ही खूण लावावी लागते आणि पुढे कंपनीनुसार पीपीपीओई किंवा डीएचसीपी निवडावे लागते. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये नॅट बंद करण्याची सोय नसेल, तर मिक्रोटिकचा किंवा ओपनडब्ल्यूआरटी प्रणाली चालणारा राउटर वापरता येतो.

संपूर्ण घराचे नॅट एकदम बंद करणे ही नेहमीची चूक. तसे केल्यास १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते जसेच्या तसे बाहेर जातात, त्यांना परतीचा मार्ग नसतो आणि घरातील फोन व दूरचित्रवाणी संच बंद पडतात. म्हणून राउटरवर दोन वेगळी जाळी करावीत. एक सार्वजनिक पत्त्यांचे, नॅटमधून वगळलेले. दुसरे घरगुती वापराचे, पूर्ववत नॅट असलेले.

आधी फायरवॉल, मग बदल

नॅट ही सुरक्षाव्यवस्था म्हणून जन्मलेली नाही, पण अनाहूतांना अडवण्याचे काम ती करत आली. ती हटताच आतल्या यंत्राचे प्रत्येक उघडे पोर्ट जगाला दिसू लागते. म्हणून नॅटला हात लावण्यापूर्वी तीन नियम लिहावेत : आतून सुरू झालेल्या संवादाची उत्तरे येऊ द्यावीत, बाहेरून सुरू होणारी प्रत्येक नवी जोडणी अडवावी, आवश्यक यंत्राचे आवश्यक पोर्ट तेवढेच उघडावे. आयसीएमपी संदेश सरसकट बंद करू नयेत. पीपीपीओईवर पाकिटाची कमाल मर्यादा सहसा १४९२ बाइट असते आणि ती या संदेशांतूनच समोरच्याला कळते. ते अडले की काही संकेतस्थळे अर्धवट उघडतात आणि कारण सापडत नाही.

एक बाब सहज निसटते. राउटरचा आतला पत्ताही आता सार्वजनिक असतो. त्यामुळे त्याचे व्यवस्थापन पान बाहेरून त्या पत्त्यावरही उघडणार नाही, असा नियम स्वतंत्रपणे घालावा लागतो.

चाचणी घरच्या वाय-फायवरून न करता मोबाइल डेटावरून करावी. यंत्राचा बाहेर दिसणारा पत्ता त्याचा स्वतःचाच आहे ना, आणि उघडलेल्या पोर्टांखेरीज बाकी सर्व बंद आहेत ना, या दोन्ही गोष्टी पडताळाव्यात.

आयपीव्ही६ चा राजमार्ग

आयपीव्ही४ चे गट महाग आणि दुर्मिळ होत असताना तोच लाभ आयपीव्ही६ मध्ये सहज मिळतो. तेथे पत्ता १२८ बिटांचा असतो. ही सोय देणारी कंपनी घराला बहुधा /५६ किंवा /४८ एवढा पट्टा देते आणि प्रत्येक यंत्राला सार्वजनिक पत्ता मिळतो. भारतात निम्म्याहून अधिक वापरकर्ते आयपीव्ही६ वर आहेत, तर तेथील अनेक जोडण्यांचे आयपीव्ही४ सीजीनॅटच्या मागे आहे. ऑकलंड वा वेलिंग्टनहून नाशिक-पुण्याच्या घरातील यंत्राशी थेट संपर्क साधायचा असेल, तर दोन्ही टोकांना आयपीव्ही६ असणे हाच अधिक टिकाऊ उपाय ठरतो. फायरवॉलचे नियम मात्र तेथेही तेच, आणि ते दोन्ही घरी लागू होतात. ज्येष्ठ आईवडिलांच्या घरातील कॅमेरा जगासमोर उघडा राहू नये, याची काळजी पत्ता मिळण्याआधीच घ्यावी लागते.