भीतीला दिलेली तारीख

वसई ते अर्नाळा या पट्ट्यात डोल जाळे समुद्राच्याच जोरावर चालते. शंकूसारखी लांबलचक पिशवी, तिचे तोंड प्रवाहाकडे, आणि तिला धरून ठेवायला समुद्रतळात रोवलेले खुंट. पाणी वाहते तोवर बोंबील, जवळा, करंदी आपसूक आत जातात. पण जाळे ओढायचे ते भरती आणि ओहोटी यांच्या मध्ये पाणी थबकते तेवढ्याच वेळात. उधाणाला या किनाऱ्यावर पाणी पाच मीटरच्या आसपास चढते-उतरते, त्यामुळे तो थांबा फार आखूड असतो. रात्र असली तरी वेळ बदलत नाही, कारण ती चंद्राने ठरवलेली. हेलकावणाऱ्या होडीवर एकाने घाबरून दोर सोडला, तर भार दुसऱ्याच्या हातावर येतो. एवढ्या घाईत आणि एवढ्या धोक्यात डोके थंड ठेवण्याचे शिक्षण इथल्या कोळ्यांना कुठून मिळाले, हा प्रश्न इतिहासकारांनी फारसा विचारलेला नाही. वसई म्हटले की आपल्याला किल्ला दिसतो. त्याच्या पायथ्याचा पाचूबंदर कोळीवाडा दिसत नाही.

जोखमीच्या व्यवसायातल्या मानसिक प्रशिक्षणाचा इतिहास सहसा युरोपपासून सांगतात. १९४१मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली. तिला जहाजकंपनीचे लॉरेन्स होल्ट यांचा आधार होता. बुडालेल्या जहाजांवरचे तरुण, धट्टेकट्टे खलाशी जीवरक्षक होडीत लवकर हाय खातात आणि शिडाच्या जहाजांवर मुरलेले वयस्क टिकून राहतात, असे होल्ट यांचे मत होते. पुढे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड मायकेनबॉम यांनी लसीची कल्पना मनाला लावली : ताण आधी थोडा थोडा द्यायचा, म्हणजे मोठा ताण सोसतो. त्यांचे या पद्धतीवरचे पुस्तक १९८५चे. दोन्ही विचार मोलाचे आहेत, पण दोन्हींत एक गोष्ट धरून चाललेली आहे. भीती ज्याची त्याची असते आणि तिला आवरायचे तर त्याचेच मन घडवायचे. वसईच्या कोळ्यांनी हे काम निराळ्या रीतीने केले, असे मला वाटते. त्यांनी भीती एकट्याच्या गळ्यात ठेवलीच नाही. ती पंचांगात, होडीवरच्या उतरंडीत आणि घरात वाटून टाकली.

पंचांगातला वाटा नारळी पौर्णिमेचा. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायच्या आणि श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावरच दर्या उघडायचा. या रूढीने काय साधले ते पाहा. आषाढात समुद्रावर न जाणारा कोळी भेकड ठरत नाही. ‘मला भीती वाटते’ असे कोणालाच म्हणावे लागत नाही, कारण सगळ्यांच्या वतीने ते पंचांगाने म्हटलेले असते. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी ट्रोब्रियांड बेटांवर पाहिले होते की खाजणातल्या निर्धोक मासेमारीत मंत्रतंत्र नसतात, उघड्या समुद्रातल्या मासेमारीत भरपूर असतात. म्हणून विधी हा चिंतेवरचा उतारा. यावर दुसरे मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९३९च्या व्याख्यानात उलट बाजू मांडली : विधीच चिंता निर्माण करतो, तो चुकला की माणूस धास्तावतो. हा आक्षेप खरा आहे. नारळ न देता निघालेल्या कोळ्याला धाकधूक वाटणारच. पण मला यात रूढीचा दोष दिसत नाही, तिचे कसब दिसते. दर्यावर कधीही, कुठूनही येणारी धास्ती तिने एका ठरलेल्या दिवसाला बांधली आणि त्या दिवशी ती फेडण्याची सोयही केली.

ही सारी श्रद्धेची किमया, असे कोणी म्हणेल. तसे असते तर धर्म बदलल्यावर ती संपायला हवी होती. वसई १५३४पासून १७३९पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती आणि त्या काळात इथले पुष्कळ कोळी ख्रिस्ती झाले. एकवीरेचा नवस गेला, क्रूस आणि संतांची नावे आली, होडीला आशीर्वाद द्यायला पाद्री आला. देव बदलले, होडी पाण्यात लोटण्याआधी साऱ्या वस्तीसमोर काहीतरी करायचे, हे बदलले नाही. एकाच वाऱ्यात आणि एकाच उधाणात दोन धर्मांची माणसे जवळपास एकच व्यवस्था सांभाळतात, तेव्हा तिचे मूळ धंद्याच्या गरजेत शोधावे लागते.

होडीवर ही व्यवस्था तांडेलाच्या रूपाने दिसते. होडी नाखव्याची असली, तरी समुद्रावर शब्द तांडेलाचा. परत फिरायचे की थांबायचे याची चर्चा खलाशी करत नाहीत. वरवर पाहता ही हुकूमशाही. पण संकटात प्रत्येकाने निर्णय घ्यायचा ठरवले तर भीती जितकी माणसे तितक्या पटींनी वाढते. नवख्या पोराच्या वाट्याला आधी पाणी उपसणे, मासळी निवडणे अशी कामे येतात. दोर आणि सुकाण नंतर. मायकेनबॉम यांची लस ती हीच, फक्त तिला नाव नव्हते. आणि घराचा वाटा? सोनकोळ्यांत लग्नात नवरीच्या उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या काढून समुद्राला देण्याची जुनी चाल होती; पुढे काचेच्या बांगड्या डाव्याच हातात. नवऱ्याच्या जिवासाठी समुद्राशी केलेला हा करार बाई रोज अंगावर वागवत असे. कोळिणीच्या रंगीत पोशाखाची एवढी चित्रे निघाली. त्या मोकळ्या मनगटाकडे चित्रकारांनी जरा कमीच पाहिले.

यात भाबडे कौतुक होते आहे का? ज्याला पर्याय नाही तो धीट दिसतोच. गरिबीला ‘प्रशिक्षण’ म्हणणे क्रूर ठरेल. हे मान्य करावे लागते. रूढीने माणसे बुडायची थांबली नाहीत, आणि तांडेल चुकला तर अख्खी होडी चुकायची. त्याहून मोठी उणीव म्हणजे पंचांग फक्त ओळखीची भीती जाणते. ११ नोव्हेंबर २००९ला ‘फयान’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले ते कार्तिकात, ऐन हंगामात. त्या महिन्याला रूढीने निर्धोक ठरवले होते. तिथे वेधशाळेचा इशारा आणि बिनतारी संदेशच कामाचे, नारळ नाही. पण इशारा ऐकल्यावर जाळे अर्ध्यावर सोडून परत फिरायला जे मन लागते, ते यंत्र पुरवत नाही. १९५०च्या दशकात इंजिने आली तशा होड्या लांब जाऊ लागल्या, कर्ज वाढले. आणि डोक्यावर हप्ता असला की परत फिरणे जड जाते.

सरकारला या जुन्या व्यवस्थेची किंमत एके काळी कळली होती. महाराष्ट्राची पावसाळी मासेमारीबंदी पूर्वी १० जूनला सुरू होई आणि १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल त्या दिवशी संपे. सरकारी आदेशात सणाचे नाव होते. नंतर साऱ्या पश्चिम किनाऱ्याला एकच मोजमाप लागले : १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. २०२३मध्ये अधिक श्रावण आला. कायद्याने दर्या ३१ जुलैनंतर खुला झाला. नारळी पौर्णिमा होती ३० ऑगस्टला.