तक्त्यातील ओळींची गणती : नेमकेपणाची किंमत

संगणकातील एखाद्या तक्त्यात एकूण ओळी किती, हा प्रश्न वरकरणी पोरखेळ वाटण्याइतका सोपा आहे. तथापि वेबवरील ज्या व्यवस्थांच्या तक्त्यांत कोट्यवधी ओळी साठल्या, त्यांना एखादी विवक्षित ओळ शोधून देण्यापेक्षा सर्व ओळींची संख्या सांगणे कितीतरी अधिक वेळखाऊ ठरले. याचा दोष सामान्यतः यंत्राच्या मंदपणाला दिला जातो. तो रास्त नाही. येथे पालटली आहे ती मोजणीची कल्पनाच.

१८९० सालच्या अमेरिकेतील जनगणनेत हर्मन हॉलेरिथ याच्या यंत्रात छिद्रे पाडलेले कार्ड दाबले जाई, त्याच क्षणी तबकडीवरील काटा एका घराने पुढे सरके. मोजणी ही नोंद हाताळण्याच्या क्रियेतच अंतर्भूत होती. शिवाय एका यंत्रातून कार्डे एकामागून एक जात असल्यामुळे ‘आतापर्यंत किती’ या प्रश्नाला एकच उत्तर संभवे.

१९७० साली एडगर कॉड यांनी संबंधात्मक प्रतिमान मांडले, तेव्हापासून ओळी कोठे व कोणत्या क्रमाने ठेवल्या आहेत याची चिंता प्रश्नकर्त्याला उरली नाही. प्रश्न करणे सुलभ झाले. उत्तरासाठी यंत्राला पडणारे श्रम मात्र दृष्टिआड गेले. हे श्रम कमी करण्याचा पद्धतशीर विचार आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ या प्रकल्पात झाला. पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांचे सहकारी यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, प्रत्येक तक्त्याची ओळसंख्या व्यवस्थेच्या सूचिपटात नोंदवून ठेवण्याची योजना आहे. पण ओळ घातली वा काढली की लगेच ही संख्या बदलावयाची नाही, असा त्यांचा निर्णय होता; ती अधूनमधून, वेगळ्या आज्ञेने अद्ययावत करावयाची. कारण उघड आहे. प्रत्येक लेखनाबरोबर तोच एक आकडा बदलू लागल्यास सर्व लेखकांना त्या एका जागेपाशी रांग लावून उभे राहावे लागते. पुढील सर्व इतिहासाचे बीज या एका निर्णयात आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

(फारसी ‘शुमार’ म्हणजे मोजणी. ‘खानेसुमारी’ या शब्दात मराठीने तो अर्थ जपला, आणि ‘सुमारे’ मध्ये त्याचा अदमास केला. सूचिपटातील आकडा हा या दुसऱ्या अर्थाचा ‘सुमार’ होय.)

याच सुमारास, १९७८ मध्ये, डेव्हिड रीड यांच्या एमआयटीतील प्रबंधात एकाच माहितीच्या अनेक आवृत्त्या जपण्याची कल्पना पुढे आली. या पद्धतीत वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक व्यवहाराला आपापल्या क्षणाचे चित्र दिसते. एका व्यवहाराने हजार ओळी घातल्या, पण त्या अद्याप कायम केल्या नाहीत, तर त्याच्यापुरत्या त्या आहेत, इतरांपुरत्या नाहीत. म्हणजे एकाच क्षणी दोन भिन्न संख्या, आणि दोन्ही खऱ्या! अशा तक्त्याच्या माथ्यावर कोणती संख्या लिहून ठेवावी?

मायएसक्यूएलच्या दोन साठवण-यंत्रणांत हा भेद स्पष्ट दिसतो. मायआयसॅम नेमकी ओळसंख्या बाळगून असे, म्हणून अट नसलेल्या मोजणीचे उत्तर ती तत्काळ देई. लिहिताना अख्खा तक्ता कुलूपबंद करण्याची तिची रीत असल्यामुळेच हे शक्य होते. इनोडीबीने ओळीपुरते कुलूप व आवृत्त्या स्वीकारल्या आणि तो आकडा सोडला. २०१० साली मायएसक्यूएल ५.५ मध्ये इनोडीबी ही मूळची निवड ठरली, तेव्हा पूर्वी क्षणात मिळणारी संख्या मिळविण्यासाठी ओळी चाळणे भाग पडले. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये तर ओळ कोणाला दिसावी याची माहिती इंडेक्समध्ये नसते. त्यामुळे इंडेक्स असूनही मूळ तक्ता उघडावा लागे. ज्या पानांवरील सर्व ओळी सर्वांना दिसतात, त्या पानांपुरता हा फेरा २०१२ च्या ९.२ आवृत्तीने वाचविला.

वेबवर ही अडचण वाढली ती पृष्ठांकनामुळे. ‘एकूण इतक्यांपैकी वीस’ असे दाखवावयाचे, तर वीस ओळींसाठी सर्व ओळी मोजाव्या लागतात, आणि तेही प्रत्येक वाचकासाठी नव्याने. उपाय निघाले. गणनेचा वेगळा तक्ता ठेवून ट्रिगरने तो राखणे हा त्यांतील एक. पण त्याने १९७९ मध्ये टाळलेली रांगच पुन्हा उभी केली, आणि मग तो आकडा अनेक ओळींत विभागून वाचताना त्यांची बेरीज करण्याची युक्ती योजावी लागली. सूचिपटातील सुमार दाखविणे हा दुसरा. वीसऐवजी एकवीस ओळी मागवून पुढे पृष्ठ आहे की नाही एवढेच पाहणे हा तिसरा उपाय सर्वांत प्रामाणिक म्हटला पाहिजे, कारण वाचकाला बहुधा तेवढेच हवे असते. पैशाच्या हिशेबात असा सुमार अर्थातच चालत नाही. तेथे नेमकेपणाची किंमत मोजावीच लागते.

जँगो या वेब-चौकटीच्या १.८ या आवृत्तीत, २०१५ साली, प्रशासकीय यादी गाळून पाहताना अख्ख्या तक्त्याची मोजणी टाळण्याची मुभा देण्यात आली. मात्र कोणी मुद्दाम सांगितले नाही, तर मोजणी करावयाची, हाच नियम तेथे ठेवला गेला.